घाण्याचा बैल कोणाला म्हणता?



गेल्या मार्गशीर्षात आमच्या गावी सप्ताह झाला. पाचव्या दिवसाची कीर्तनसेवा एका तरुण महाराजांची होती. नाव सांगत नाही. भांडण माणसाशी नाही, त्याच्या बोलण्याशी आहे. आवाज गोड, पाठांतर चोख, हजरजबाबीपणा असा की मांडव सारखा हसत होता. पूर्वरंगातच त्यांनी प्रश्न टाकला, "सकाळी उठता, शेण काढता, धार काढता, भाकरी थापता, झोपता. उद्या काय? तेच! परवा काय? तेच! अहो, घाण्याचा बैल आणि तुम्ही यांत फरक काय?" आणि मग घाण्याला जुंपलेला बैल कसा मान हलवतो ते त्यांनी करून दाखवले. टाळकरीसुद्धा टाळ विसरून हसले. मीही हसलो, खोटे कशाला बोलू?

कीर्तन सुटल्यावर प्रसादाच्या पंगतीआधी आमच्या आळीतली एक बाई माझ्याजवळ आली. तिच्या दारात चार म्हशी आहेत. पहाटे साडेचारला धार, सहाला डेअरी. संध्याकाळी पुन्हा धार, पुन्हा डेअरी. नवरा आमच्या दिंडीत टाळ वाजवतो, वीस वर्षांत त्याची वारी चुकलेली नाही. या बाईची मात्र एकही झालेली नाही, कारण म्हशींना एकादशी नसते. ती पदर सावरत म्हणाली, "आबा, मग आमचा जल्म बैलाचाच म्हणायचा का?"

मी काहीतरी पुटपुटलो. "महाराज दृष्टांत देत होते गं, मनावर घेऊ नकोस." ती गेली. त्यानंतर सप्ताहाचे दोन दिवस राहिले होते, पण ती मांडवात आली नाही. काल्यालाही आली नाही.

तिला जे उत्तर द्यायला हवे होते, ते देण्यासाठी हा लेख लिहितो आहे. पण त्याआधी एक कबुली दिली पाहिजे. घाण्याच्या बैलाचा दृष्टांत त्या तरुणाचा नाही. तो मी चाळीस वर्षे दिला आहे. मान हलवण्याची नक्कल मी करत नव्हतो एवढेच; पण टाळी मलाही याच ठिकाणी मिळायची. कदाचित त्याच्या गुरूने माझ्याकडूनच ऐकला असेल.

आता पूर्वपक्ष नीट मांडतो. महाराज म्हणतील, संतांनीच संसाराला असार म्हटले आहे. गाथा उघडा, पानोपानी प्रपंचाचा धिक्कार आहे. मग आम्ही वेगळे काय सांगतो?

सांगता, फार वेगळे सांगता. संतांनी धिक्कार केला तो आसक्तीचा, कामाचा नव्हे. 'माझे, माझे' म्हणून कवटाळण्याला ते वाया म्हणाले. भाकरी थापण्याला कोणी म्हटले आहे, मला दाखवावे. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली, पण देहू सोडले नाही. भंडाऱ्यावर गेले, तसे उतरूनही आले. आणि ज्ञानोबामाउलींनी अठराव्या अध्यायात काय मांडले आहे? आपल्या वाट्याला आलेले कर्म हीच सर्वात्मक ईश्वराच्या पूजेची फुले. फुले रोज ताजी लागतात, म्हणून पूजाही रोज लागते. काल वाहिलेले फूल आज चालत नाही, तशी कालची भाकरीही आज पुरत नाही. यात हसण्यासारखे काय आहे?

भंडाऱ्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. तुकोबा डोंगरावर चिंतनात बसलेले, आणि त्यांची मंडळी आवली भाकरी बांधून तो डोंगर चढते आहे, ही कथा कोणाला ठाऊक नाही? एकदा तिच्या पायात काटा मोडला आणि तो काढायला प्रत्यक्ष विठ्ठल आला, असे परंपरेत सांगतात. आम्ही कीर्तनकारांनी या माउलीचे काय केले? तिला कजाग बायको करून ठेवली. तिच्या तोंडी काळ्या दगडाला दिलेल्या शिव्या घालून हशा पिकवला. ज्या पायातला काटा काढायला देव खाली बसला, त्या पायांना आम्ही विनोदाचे पाय केले. तो डोंगर रोज चढणे हा परमार्थ नव्हता असे ज्याला वाटते, त्याने उन्हात एकदा भंडारा चढून पाहावा आणि मग बोलावे.

'तेच ते' म्हणून नाक मुरडणाऱ्या वारकऱ्याचे तर मला नवलच वाटते. अरे, आपल्या संप्रदायाचे नावच पुन्हा पुन्हा येण्याजाण्यावरून पडले आहे. एकदा जाऊन येतो तो यात्रेकरू, दरसाल जातो तो वारकरी. तीच आळंदी, तोच दिवे घाट, तेच सासवड, तीच जेजुरी, तेच लोणंद, तेच फलटण, आणि शेवटी तीच वाखरी. पायांना वाट पाठ झालेली असते. कोणी म्हणतो का, "पुन्हा लोणंद? गेल्या साली पाहिले की!" तुळशीच्या माळेत एकशेआठ मणी, एकासारखा दुसरा. हरिपाठ रोज तोच, चालही तीच. टाळकरी दोन-अडीच तास एकच ठेका धरतो. मध्येच कंटाळून त्याने वेगळे काही वाजवले तर मृदंगवाला त्याच्याकडे कसा बघतो ते मंडपात बसलेल्यांना माहीत आहे.

आळंदीला शिकायला होतो तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मला पळून यावेसे वाटले होते. पहाटे उठा, पाठ करा, दुपारी पाठ करा, रात्री तेच म्हणून दाखवा. मी एकदा गुरुजींना विचारले, "अर्थ केव्हा शिकवणार?" ते म्हणाले, "आधी धृपद धरायला शीक." त्या वेळी मला राग आला. धृपद म्हणजे ध्रुवपद, न हलणारे पद. अभंगाचे प्रत्येक चरण कोठे कोठे फिरून येते, पण धृपदाशी आल्यावाचून त्याला विसावा नाही. चाल कितीही वर गेली, चोपदाराने मान हलवली, श्रोत्यांनी विठ्ठल-विठ्ठल केले, तरी परत यायचे ते धृपदावर. गुरुजींचे बोलणे गाण्यापुरते होते असे मी पन्नास वर्षे समजत होतो. घर म्हणजे काय, चूल म्हणजे काय, तर संसाराचे धृपद. हे कळायला मला चूल फुंकायची वेळ यावी लागली. ते पुढे सांगतो.

संप्रदायाचा पायाच पाहू. देव पंढरीत का उभा आहे? पुंडलिकराय आईबापांचे पाय चेपत होते म्हणून. काय हो हे काम! यात ना विद्या, ना कला, ना नाव. पाय चेपणे. काल चेपले, आज चेपले, उद्याही चेपायचे. म्हाताऱ्या माणसाच्या पायाचे दुखणे एका रात्रीत जात नाही. आणि दारात साक्षात परब्रह्म आले असता पुंडलिकाने ते काम सोडले नाही, वीट फेकली आणि थांबायला सांगितले. देव थांबला. अठ्ठावीस युगे थांबला. आपण विटेवरच्या रूपाचे वर्णन करतो, कटीवरच्या हातांचे करतो. पण वीट का पडली याचा विचार करत नाही. घरातले अगदी साधे, रटाळ काम संपेपर्यंत देवाने थांबावे असे ज्या संप्रदायाच्या उगमाशी लिहिले आहे, त्याच संप्रदायाच्या मांडवात त्या कामाची नक्कल करून टाळ्या घ्यायच्या?

आणि देवाचा स्वतःचा दिवस तरी कसा असतो? पहाटे काकडा, मग पूजा, मग महानैवेद्य, दुपारी पोशाख, संध्याकाळी धूपारती, रात्री शेजारती. दुसऱ्या दिवशी पुन्हा काकडा. आषाढी-कार्तिकीला गर्दी झाली की देवाचा पलंग निघतो. देवाला रात्रीची झोपही नाही, अहोरात्र दर्शन. पाठीला आधार म्हणून लोड ठेवतात. पुढे प्रक्षाळपूजा झाली की श्रमपरिहारासाठी काढा दाखवतात. हे मला फार मोलाचे वाटते. देव थकतो, हे आपल्या संप्रदायाला मान्य आहे. थकणे हे पाप नाही, अश्रद्धाही नाही. रोजच्या कामाने जीव शिणतो, कधी उबग येतो, कधी पहाटे उठताना डोळ्यांत पाणी येते. ज्याला असे होत नाही, त्याने मला भेटावे. मला त्याची पायधूळ घ्यायची आहे. पण शीण आला म्हणून काम वाया गेले, हा निष्कर्ष कोठून काढला?

आता माझे सांगतो. सहा वर्षांपूर्वी गळा बसला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, आवाज आला नाही. कीर्तन सुटले. दोन वर्षांनी मंडळींना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मुले नोकरीनिमित्त लांब. वर्षातले शंभरेक दिवस घरी असणारा मी आता तीनशे पासष्ट दिवस घरी. पहाटे पाणी तापवायचे, तिला कुशीवर वळवायचे, स्वच्छ करायचे, चमच्याने चहा द्यायचा, गोळ्या द्यायच्या, बोटे एकेक करून उघडायची आणि मिटायची, दहा वेळा हा हात, दहा वेळा तो पाय. मग मऊ भात शिजवायचा. दुपारी पुन्हा तेच. सेहेचाळीस वर्षे न चुकलेली माझी वारी त्या साली चुकली. माउलींची पालखी आळंदीहून निघाल्याचे टीव्हीवर पाहिले आणि भिंतीकडे तोंड करून रडलो. खरे सांगतो, तिच्यासाठी नाही रडलो, स्वतःसाठी रडलो. मनात हेच आले की आपण घाण्याला जुंपलो गेलो. माझाच दृष्टांत माझ्या गळ्यात येऊन पडला.

पहिले सहा महिने मी सगळे केले, पण चिडून केले. संध्याकाळी तिच्या खाटेशी बसून बसक्या आवाजात हरिपाठ म्हणायचो, तोही उरकायचा म्हणून. एकदा मन भलतीकडे होते, डेअरीचे बिल की कसलेसे, आणि एक अभंग गाळून मी पुढे गेलो. खाटेवरून आवाज आला, "अं." मी पाहिले. ती डाव्या हाताची बोटे हलवत होती. मला वाटले पाणी हवे. पाणी दिले तर तोंड फिरवले. पुन्हा "अं, अं." मग माझ्या लक्षात आले. मी मागे गेलो, गाळलेला अभंग म्हटला. ती शांत झाली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम एक चरण चुकवले. "अं."

पन्नास वर्षांचा संसार. माझे कीर्तन ऐकायला ती फारतर चार-पाच वेळा आली असेल, कारण घरी नेहमी कोणी ना कोणी टाळकरी, विणेकरी, शिष्य उतरलेले आणि त्यांच्या भाकऱ्या थापायच्या असत. मी ओसरीवर हरिपाठ म्हणायचो, ती आत चुलीपुढे असायची. माझी समजूत अशी की परमार्थ ओसरीवर चालला आहे आणि आत स्वयंपाक. तिचा सबंध हरिपाठ पाठ होता, आणि मी महाराज! मला पन्नास वर्षे पत्ता नव्हता. भाकरीच्या थापेवर तिने तो बसवला होता की काय, कोण जाणे. आता विचारायची सोय नाही.

यानंतर चमत्कार काही झाला नाही. कामे तीच आहेत, गुडघे दुखतात, कधी चिडचिडही होते. फक्त आपण जुंपलेले आहोत असे वाटणे गेले. पाय चेपायला बसलो की कधी कधी मनात येते, दारात कोणी उभा असेल तर असू दे, थांबेल. बाकीच्या वेळी काहीही मनात येत नाही, पाय चेपून होतात, एवढेच.

कोणी शंका काढेल, मन नसताना यंत्रासारखे केलेले काम, यंत्रासारखे घेतलेले नाम, त्याला काय अर्थ? शंका योग्य आहे. पण मन चंचल आहे हे अर्जुनानेही सहाव्या अध्यायात देवाला सांगितले, आणि देवाने ते नाकारले नाही, अभ्यास सांगितला. अभ्यास म्हणजे तरी दुसरे काय, तेच ते पुन्हा करणे! मन येईल तेव्हा काम करू म्हणणाऱ्याचे ना काम होते, ना मन येते. मंडळींचा हरिपाठ काही समाधी लावून पाठ झालेला नाही. तवा तापलेला, धूर डोळ्यांत, पाव्हणे ओसरीवर, अशा धबडग्यात तो आत उतरला.

इथपर्यंत वाचून काही पुरुषमंडळींना बरे वाटले असेल. "बघा, आबांनीही सांगितले, चुलीपुढेच परमार्थ आहे, बायकांनी घरचे करावे." त्यांना आता जरा थांबवतो. खरा राग मला याच गोष्टीचा आहे.

जनाबाईंचे उदाहरण सुनेला देण्याची आपल्याकडे फार हौस. "जनी दळता दळता देवाला पावली, तूही दळ." अरे, कथा पुरी तर सांगा! जनाबाई दळत होत्या तेव्हा देव काय करत होता? खुंटा धरून समोर बसला होता. पाणी भरू लागला, शेणी वेचू लागला. सावतोबांच्या मळ्यात खुरपायला बसला. चोखोबांबरोबर ढोरे ओढली. सेना महाराजांची धोकटी काखेला मारून राजाच्या हजामतीला गेला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन कावडी वाहिल्या. यांपैकी एकाही कथेत देवाने भक्ताला "काम सोड" म्हटलेले नाही. आणि एकाही कथेत देव ओसरीवर बसून "छान, चालू दे तुझे" म्हणालेला नाही. तो उठला आणि कामाला लागला. ज्याला सुनेच्या जात्यात देव दाखवायचा आहे, त्याने आधी खुंट्याला हात लावावा. नाहीतर जनाबाईंचे नाव घेऊ नये. (गोरोबाकाकांच्या चिखलाची आणि लेकराची कथाही आपण अशीच फार सैल सांगतो. उतारवयात मी ती सांगणे सोडले होते. का, ते पुन्हा केव्हातरी.)

सावतोबांचेही तसेच. अरणचा मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, देव त्यांच्याकडे आला. आजही इतर संतांच्या पालख्या पंढरीला येतात आणि अरणला मात्र पांडुरंगाची पालखी जाते. ही कथा सांगून त्या म्हशीवाल्या बाईला "तूही सावता माळीच आहेस, घरी राहा" असे म्हणता येईल का? नाही. सावतोबा मळ्यात राहिले ते आपल्या मनाने. या बाईला कोणी विचारलेच नाही. मनाने धरलेला नेम आणि गळ्यात अडकवलेले जू, दिसायला दोन्ही सारखेच, दोन्हीत तेच ते. पण एकाला पूजा म्हणावे आणि दुसऱ्याला पूजा म्हणून गप्प बसवावे, हा अधर्म आहे. तिचे रोजचे काम हलके आहे म्हणून तिने वारीला जावे असे माझे म्हणणे नाही. ते काम तिच्या नवऱ्याच्या टाळाइतकेच भारी आहे. म्हणूनच ते दोघांनी आलटून पालटून करावे.

तरुण महाराजांना निरोप पाठवला आहे की एकदा घरी या, चहा घेऊ, मंडळींपुढे हरिपाठ म्हणा. एखादे चरण चुकवून पाहा.

बाईकडे मात्र मीच गेलो. पौष लागला होता, थंडी होती. ती धार काढत होती. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून, जमेल तसे, वर लिहिले ते सांगितले. तिने ऐकले, मधे "हूं, हूं" केले, आणि चरवी पडवीत ठेवत म्हणाली, "आबा, बोलताय ते गोड वाटतंय. पण पंढरपूर काही दिसत न्हाई त्यानं."

मग तिच्या नवऱ्याला गाठले. म्हटले, येत्या आषाढीला तू घरी राहा, दिंडीत हिला पाठव. तो हबकला. "आबा, वीस वर्षांची वारी मोडू?" मी म्हटले, "माझी सेहेचाळीस वर्षांची मोडली. मेलो नाही." तो म्हणाला, "अन् म्हशी? म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाई." मी म्हटले, "अजून सहा महिने आहेत. हात ओळखीचा कर."

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी आळीतून मोठा आरडाओरडा ऐकू आला. जाऊन पाहिले तर हा गोठ्यात शेणात बसलेला, चरवी उलटी, धोतरावर दूध, आणि म्हैस शेपटी उडवत उभी. बाई पदर तोंडाला लावून दारात हसत होती. तो मला म्हणाला, "लाथ मारली हो आबा." मी म्हटले, "उद्या पुन्हा बस."

आता चैत्र संपत आला आहे. चारांपैकी दोन म्हशी त्याला पिळू देतात.